हरवलेला चाकू, नवा चाकू



मागच्या पंधरवड्यात बेळगावच्या एका काकांचा प्रश्न आपल्या समूहावर आला होता. काहींनी तो हसण्यावारी नेला, काहींनी हात जोडल्याची चित्रं टाकली, आणि दुसऱ्या दिवशीच्या सुप्रभातांच्या ढिगाखाली तो दबून गेला. आमच्या मनातून मात्र तो जाईना. म्हणून या वेळच्या पत्रात दुसरं काही न घेता तोच घेतला आहे.

काकांचं म्हणणं थोडक्यात असं. अठरा वर्षं खिशात असलेला घडीचा चाकू मिरजेच्या गाडीत कुठेतरी पडला. घेतला तेव्हा पंचेचाळीस रुपयांचा होता. सकाळी दूर्वा आणि तुळस खुडायला, दुपारी पेरू चिरायला, आलेल्या पार्सलची सुतळी कापायला, नातवाची पेन्सिल तासायला, प्रवासात सफरचंदाला, असा तो दिवसभर हाताशी असायचा. आता मुलगा म्हणतो, बाबा, या वेळी चांगला घ्या, दोन हजारांचा मागवतो. सून म्हणते, घरात चार सुऱ्या आहेत, त्यातलीच एक न्या. आणि काकांचं मन म्हणतं, एका चाकूसाठी आठ दिवस रुखरुख लागते, मग इतकी वर्षं नामस्मरण करून मिळवलं काय?

यावर इंदूरच्या एका ताईंनी विचारलं की साधकाला मुळात चाकू हवाच कशाला. हैदराबादच्या एका दादांनी पाच मिनिटांत तीन चाकूंचे फोटो आणि भाव टाकले. दोघांचंही काही चुकलं नाही. पण काकांचा प्रश्न या दोन्हींच्या मधे कुठेतरी राहून गेला.

आधी ताईंची शंका घेऊ, ती लवकर संपेल. ताई, तुम्ही हा प्रश्न टाईप केलात तेव्हा शेजारी विळी असेल तर नवल नाही. बायकांच्या हातात दिवसभर सुरी असते, विळी असते, कोकणात-गोव्यात नारळाला कोयता असतो, त्याला कुणी हत्यार म्हणत नाही. पुरुषाच्या खिशात तीन इंचांचं पातं दिसलं की मात्र लोकांना रामपुरी आठवतो. हा प्रताप हिंदी सिनेमाचा. त्या रामपुरात तर २०२३ साली चौकात वीस फुटी चाकू उभारला आहे, गावाच्या कारागिरीची खूण म्हणून. आपल्याकडे आजोबांच्या चंचीत अडकित्ता असायचा, तोही कापायचंच काम करायचा, पण तो काढला की चार माणसं जवळ येऊन बसायची.

आणि संतांचं पाहा. सेना महाराजांच्या हाती वस्तरा होता. अरणच्या सावता महाराजांच्या हाती खुरपं होतं, आणि देवाला लपवायला त्यांनी त्याच खुरप्यानं आपलं पोट चिरलं अशी कथा आपण कीर्तनात ऐकत आलो. संत व्हायचं म्हणून या दोघांनी अवजार खाली ठेवलं नाही. बौद्ध भिक्खूंना जवळ बाळगायला ज्या आठ वस्तूंची परंपरेनं मुभा आहे, त्यांत तीन चीवरं, भिक्षापात्र, कमरपट्टा, पाणी गाळायचं फडकं यांच्या जोडीला सुई आणि वस्तरा आहे. ज्यांनी घरदार सोडलं त्यांनाही धारेचं पातं सोडून चाललं नाही. आपण तर प्रपंचातली माणसं. खंडेनवमीला आपण घरातली सुरी-कात्री धुऊन पाटावर मांडतो, हळद-कुंकू वाहतो, ते काय उगाच?

तेव्हा चाकू असावा की नसावा हा प्रश्न बाजूला ठेवू. खरी अडचण काकांच्या रुखरुखीची आहे.

काकासाहेब कालेलकरांनी गांधीजींची एक आठवण लिहून ठेवली आहे. कालेलकर म्हणजे आपल्या बेळगावात आणि बडोद्यात शाळेवर शिकवलेले, पुढे गुजराथीत मोठे लेखक झालेले. गोष्ट १९१५ सालची, मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळची. गांधीजी काहीतरी शोधत होते, बेचैन होऊन शोधत होते. काय हरवलं म्हणून विचारलं तर पेन्सिल. कालेलकरांनी आपल्याजवळची पेन्सिल पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. त्यांना तीच हवी होती, कारण मद्रासच्या नटेसन यांच्या लहान मुलानं ती प्रेमानं दिली होती. मग दोघांनी मिळून शोधली. सापडली तेव्हा ती दोन इंचसुद्धा नव्हती.

ज्यांनी हजारोंच्या वकिलीवर पाणी सोडलं, त्यांनी दोन इंचांच्या तुकड्यासाठी माणूस कामाला लावला. ही आसक्ती म्हणायची का? आम्ही यावर पुष्कळ बोललो. आमच्यातल्या एकांचं म्हणणं पडलं की होय, तेवढ्यापुरती आसक्तीच. बाकीच्यांना ते पटलं नाही. पेन्सिलीची किंमत गांधीजींना ठाऊक नव्हती असं थोडंच आहे? त्या मुलानं दिलेलं आपल्या हातून निष्काळजीपणानं जाऊ नये, एवढंच त्यांना लागलं होतं. वस्तू धरून ठेवणं एक आणि वस्तूची कदर ठेवणं एक. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, म्हणून आपली फसगत होते.

उलट बाजूही बघायला हवी. काही हरवलं की जो माणूस सहज म्हणतो, जाऊ दे हो, दुसरं घेऊ, तो आपल्याला मोठा विरक्त वाटतो. आमचं मत विचाराल तर बहुतेक वेळा तो विरक्त नसतो, त्याच्या खिशात पैसे असतात. दुसरं घेऊ असं ज्याला म्हणता येतं त्याला पहिल्याकडे बघायची गरजच पडत नाही. अपरिग्रह आणि बेफिकिरी यांची गल्लत इथे फार होते. काकांना अठरा वर्षांच्या सोबत्याची आठ दिवस आठवण आली, पेरू हातात घेतल्यावर दुसरा हात खिशाकडे गेला, यात नामस्मरण वाया गेलं असं आम्हाला काही दिसत नाही. हाताला सवय असते. हाताला दुःख होऊ द्यावं.

मग मोह कुठे असतो? तो असतोच, पण आपण शोधतो तिथे नसतो.

घरात एखादी वस्तू सापडेना की पहिलं नाव कुणाचं निघतं ते आठवून पाहा. काल नळ दुरुस्तीला तो मुलगा आला होता ना? मावशी झाडताना इथेच होत्या ना? थेट कुणी बोलत नाही. पण आवाजात येतं, बघण्यात येतं, मावशी केर काढत असताना कुणीतरी उगाच त्या खोलीत येऊन बसतं. मावशींना ते कळतं. वीस घरं फिरलेल्या बाईला ते कळणार नाही तर कुणाला? चार दिवसांनी वस्तू सोफ्याच्या फटीत सापडते. सापडली म्हणून घरात आनंद होतो. पण सापडली हे मावशींना जाऊन कुणी सांगत नाही, कारण हरवली हे तरी त्यांना कुणी कुठे सांगितलं होतं?

शे-दीडशे रुपयांच्या वस्तूपायी एका माणसाची चार दिवसांची अब्रू गेली, आणि ती परत करायची राहून गेली. मोह असतो तो इथे. हरवलेल्या वस्तूवर तुम्ही किती प्रेम करत होता याला फार महत्त्व नाही, ती गेल्यावर तुमची नजर कुणाकडे वळली हे बघावं. आपल्या भाषेत 'पडली', 'हरवली', 'गेली' आणि 'मारली' असे वेगवेगळे शब्द आहेत. त्यातला कुठला आधी तोंडात येतो, तिथे आपली साधना कुठवर आली ते कळतं. काकांच्या निरोपात आम्हाला सगळ्यांत जास्त आवडलेला शब्द म्हणजे 'पडला'. गाडीत शेजारी कोण बसलं होतं, कोण मधेच उतरलं, याचा एक शब्द त्यात नव्हता.

म्हणून शोधूच नये असं नाही. गाडीत राहिलेल्या वस्तूसाठी रेल्वेच्या १३९ क्रमांकावर कळवता येतं, स्टेशनात जाऊन विचारता येतं. शोधणं हे आपलं काम आहे, गांधीजींनी ते केलंच. मनापासून शोधावं, विचारायचं तिथे विचारावं, आणि मग तो विषय मिटवावा. अर्धवट शोधलं की संशय उरतो, म्हणून पूर्ण शोधावं.

आता नवा घ्यायचा. इथे मुलाचे दोन हजार येतात.

हरवलेल्या वस्तूनं एक रिकामी जागा तयार होते, आणि रिकाम्या जागेत जाहिरात फार लवकर शिरते. एरवी ज्या काकांनी अठरा वर्षांत एकदाही चाकूच्या दुकानात पाऊल ठेवलं नाही, त्यांना आता समूहावर तीन चाकूंचे फोटो दिसले, मुलानं आणखी पाच दाखवले. घेतोच आहोत तर जरा बरा घेऊ, हे वाक्य प्रत्येकाच्या घरात रोज बोललं जातं. फ्रिज असो, चपला असोत, जावयाला द्यायचं घड्याळ असो. मूळ गरज एवढीशी असते, 'घेतोच आहोत तर' हे चार-पाच पटीनं वाढतं. म्हणून आम्ही काकांना एकच सुचवलं. दुकानात जायच्या आधी कागद घ्या आणि जुना चाकू खरोखर काय काय करत होता ते लिहा. पुढे कधीतरी करेल असं नको, करत होता तेवढंच.

काकांनी खरंच लिहून पाठवलं. दूर्वा, तुळस, पेरू, सफरचंद, सुतळी, पेन्सिल, औषधाच्या पाकिटाची कड. खाली एक ओळ होती: कधी कधी नुसताच उघडून मिटायला. ही शेवटची ओळ फार खरी आहे, तिच्यावर आम्ही काही बोलणार नाही.

या यादीत स्क्रू पिळणं नाही, डबा फोडणं नाही, करवत नाही. स्वित्झर्लंडचा तो लाल, अनेक पात्यांचा चाकू आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी परदेशातल्या भाच्यानं आणून दिलेला असतो. त्याच्या मागची कथा अशी की कार्ल एल्सेनर या कारागिरानं १८८४ मध्ये इबाख गावी कारखाना काढला आणि १८९१ पासून स्विस सैन्याला चाकू पुरवले. सैनिकाला डबाबंद अन्न फोडायचं होतं आणि रायफल खोलायची होती, म्हणून त्यात डबाफोडणी आणि स्क्रूचं पातं आलं. अधिकाऱ्यांसाठीचा हलका चाकू १८९७ चा. वस्तू उत्तम, शंका नाही. पण काकांना रायफल खोलायची नाही.

मुलाला नाही कसं म्हणायचं, हाही विचार करावा लागतो. दोन हजार म्हणताना तो पैसा दाखवत नाही, लहानपणी बाबांनी त्या चाकूनं ऊस तासून दिलेला त्याला आठवत असणार. अशा वेळी 'मला असलं काही लागत नाही' असं म्हणून मोकळं होणं आपल्याला फार आवडतं. त्यात थोडा वैराग्याचा तोरा असतो, आणि मुलगा गप्प होतो. त्यापेक्षा त्याला म्हणावं, चल, रविवारी गणपत गल्लीत जाऊ, दोघं मिळून बघू. पैसे त्यानंच द्यावेत. कितीचा घ्यायचा ते हातात घेतल्यावर ठरेल.

सूनबाईंची सूचना काटकसरीची आहे खरी. पण उघड्या पात्याची सुरी खिशात ठेवणं धोक्याचं, आणि स्वयंपाकघरातून गेलेली सुरी त्याच शोधत बसणार. एकाच्या साधेपणाचा भार दुसऱ्यावर पडला तर तो साधेपणा कसला? चाकू घेतलाच नाही तरी तेच होतं. प्रवासात दर वेळी 'अहो, चाकू आहे का हो तुमच्याकडे?' म्हणून शेजाऱ्याकडे हात पसरायचा. आमच्या ओळखीत असे गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे पेन नसतं, छत्री नसते, सुटे पैसे नसतात, आणि याला ते निरिच्छपणा म्हणतात. त्यांच्या भोवतालच्या माणसांना विचारावं.

तर घ्यायचा. कितीचा?

अगदी स्वस्त, पन्नास-साठ रुपयांचे घडीचे चाकू फुटपाथवर ढिगानं असतात. त्यातले पुष्कळसे नुसत्या पातळ पत्र्याचे, बिजागरीची खीळ महिन्यात ढिली होते, धार लावायला गेलं तर पातं वाकतं. दोन महिन्यांनी फेकायचा आणि दुसरा घ्यायचा. कमी पैसे गेले म्हणून याला साधी राहणी म्हणता येणार नाही. कुणीतरी कुठल्या तरी शेडमध्ये उभं राहून ते पातं घासलेलं असतं, त्याच्या मेहनतीला दोन महिन्यांत केरात घालायचं हे बरं नाही. आणि फेकायचीच आहे हे ठाऊक असलं की वस्तूकडे बघायची नजरही तशीच होते.

फार महागाचंही तसंच. जो चाकू खिशात न्यायला भीती वाटते तो कपाटात राहतो, आणि कपाटातला चाकू पेरू कापत नाही. परवडणारा म्हणजे खरेदीच्या दिवशी परवडणारा एवढंच नव्हे, हरवायलाही परवडला पाहिजे. दुकानात हातात घेतल्यावर मनाशी विचारावं: हा उद्या गाडीत पडला तर मी घरी जाऊन कुणावर ओरडेन का? उत्तर 'हो' असेल तर तो खाली ठेवावा. ज्याच्या त्याच्या खिशाप्रमाणे हा आकडा वेगळा येईल. काकांचा आमच्या अंदाजानं तीन-चारशेच्या आसपास येतो. पंचेचाळीसशी तुलना करू नये, अठरा वर्षांत पेरूचाही भाव तो राहिलेला नाही.

आता हातात घेऊन काय बघायचं. पातं उघडून दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवावं, डुगडुगलं तर नको. मिटल्यावर पातं मुठीच्या बरोबर मधे बसतं का, कडेला घासत तर नाही ना, ते पाहावं. फळाला सात-आठ सेंटिमीटरचं पातं पुष्कळ झालं. उघडल्यावर ते अडकून राहण्याची सोय असलेली चांगली. नुसत्या स्प्रिंगच्या ताणावर उभं असलेलं पातं टोकानं जोर दिला की बोटांवर मिटू शकतं. आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. साठीच्या पुढच्या माणसानं चाकू स्वतःच्या हातानं तीनदा उघडून मिटून बघावा. नखाच्या खाचेत नख घालून पातं ओढायचं असतं, स्प्रिंग ताठ असली तर नख तुटतं आणि संधिवाताच्या बोटांना ते झेपत नाही. मुलानं उघडून दाखवला यावर जाऊ नये.

पोलाद कुठलं, हे गावावर अवलंबून आहे. साध्या कार्बन पोलादाला धार झटकन लागते, पण ते गंजतं, आणि कैरी, लिंबू, कोकम कापलं की काळं पडतं, फोडीला लोखंडाची चव येते. स्टेनलेसमध्ये साधारण साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असतं, त्यामुळे ते गंजाला दाद देत नाही, फक्त चांगल्या प्रतीचं नसेल तर धार टिकत नाही. गोव्याच्या, कारवारच्या मंडळींनी दुसरा विचारच करू नये, जून ते सप्टेंबर तिथे किल्ल्याही गंजतात. ग्वाल्हेर-इंदूरच्या कोरड्या हवेत कार्बनचं पातं पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवलं तर वर्षानुवर्षं जातं. बेळगावचा पाऊस बघता काकांनी स्टेनलेसच घ्यावं असं आमचं मत. फणस चिरायचा असेल तर पातं कुठलंही असो, आधी खोबरेल लावायचं हे तुम्हाला सांगायला नको.

हैदराबादच्या दादांनी टाकलेल्या फोटोंत एक लाकडी मुठीचा फ्रेंच चाकू होता, ओपिनेल नावाचा. त्याच्याबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण तो या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आहे. फ्रान्समधल्या साव्वा या डोंगराळ मुलखात जोसेफ ओपिनेल या अवजारं करणाऱ्याच्या मुलानं १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी तो बनवला. एक पातं, एक लाकडी मूठ, बस. १९५५ मध्ये पातं अडकवणारी फिरती कडी आली, बाकी रूप जवळपास तेच राहिलं. त्याचा आठ नंबर सर्वांत प्रसिद्ध, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा. सव्वाशेहून जास्त वर्षांत त्यात आणखी काही घालावंसं वाटलं नाही, ही गोष्ट आम्हाला त्या चाकूपेक्षाही आवडली. पण आपल्याकडे तो बाहेरून येतो, त्यामुळे फ्रेंच शेतकऱ्याला जो साधा, तो इथे शौकाचा होऊन बसतो. शिवाय लाकूड ओलं झालं की फुगतं आणि पातं उघडता उघडत नाही. गोव्याच्या पावसात त्याचं काय होईल ते सांगायला नको.

बटण दाबल्यावर झटकन उघडणारा खटक्याचा चाकू मात्र कुणी घेऊ नये, हौसेनंही नाही. केंद्राच्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, घरकाम, शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. पण दिल्लीत खटक्याच्या चाकूंना यापेक्षा खूप कडक अधिसूचना लागू आहे, तिथे ७.६२ सेंटिमीटरचं पातंही अडचणीत आणतं. पेरू कापायच्या वस्तूवरून पोलिसांशी हुज्जत घालायची वेळ का आणावी? विमानात जाताना तो हातातल्या पिशवीत चालत नाही, सामानात द्यायचा. नाहीतर तपासणीच्या टेबलावर सोडून जावा लागतो. आपल्यातल्या कितीतरी जणांचे चाकू, नखकात्र्या तिथेच राहिल्या आहेत.

घेतल्यानंतरचं थोडं. बोथट सुरीनं बोट कापत नाही हा समज चुकीचा आहे. बोथट असली की जोर जास्त लावावा लागतो, पातं घसरतं, आणि घसरतं ते बोटाकडे. धार वेळच्या वेळी लावावी. घरी लावायची तर दगड ओला करून पातं साधारण वीस अंशांनी टेकवायचं, म्हणजे पाठ दगडापासून थोडीशीच उचललेली, आणि दोन्ही बाजूंनी सारखं, घाई न करता ओढायचं. दहा मिनिटांचं काम आहे. त्या दहा मिनिटांत दुसरा विचार मनात आला की हात वाकडा होतो, लगेच कळतं. माळ ओढताना इतकं लगेच कळत नाही.

नाहीतर सायकलवर चाक लावून फिरणारा धारवाला आहे. तो आता गल्लीत क्वचितच येतो. आला की मात्र आपण वीस म्हटले तर दहा देतो म्हणतो. दोन हजारांचा चाकू मोबाईलवर एका बोटानं मागवणारा माणूस खाली उतरून धारवाल्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, हे आम्ही अनेकदा पाहिलं आहे. तो सांगेल ते द्यावं. जमलं तर पाणी विचारावं, त्याचा दिवस उन्हात जातो.

आणि काका, एक घरगुती उपाय. झब्ब्याचे खिसे कडेला तिरपे असतात, गाडीत बसलं की त्यातलं सगळं हळूहळू बाकाकडे सरकतं. तुमचा चाकू तसाच गेला असणार. नव्याच्या कडीत रंगीत दोरा ओवा, लाल किंवा भगवा, म्हणजे बाकावर पडला तरी नजरेत येईल. दोरा खिशाच्या आतल्या बटणाला बांधलात तर आणखी बरं. त्यावर कुणी हसलं तर हसू द्या.

एक शक्यता राहिली. समजा नवा घेतल्यावर महिन्याभरानं जुना सापडला. गाडीत पडलाच नव्हता, प्रवासाच्या पिशवीच्या अस्तरात गेला होता, असं होतं. मग दोन झाले. दोन्ही ठेवावेत, एक हरवला तर दुसरा असू द्यावा, असं मन लगेच म्हणेल. त्या वेळी तुमच्या ओळखीत कोण आहे ते आठवा, ज्याच्या खिशात चाकू नाही पण रोज लागतो. देवळाबाहेर हार करणाऱ्या आजी असतील, शेतावर जाणारा पुतण्या असेल. कुठला द्यायचा, नवा की जुना, हे तुम्हीच ठरवा, त्यात आम्ही पडत नाही. द्यायच्या आधी धार लावा, पातं पुसा. आणि हातात हात देऊन देऊ नका, आपल्याकडे सुरी-कात्री तशी देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. मिटून पाटावर ठेवा, त्यांना उचलू द्या.

जय गुरुदेव.